ट्रे फिरताना गेलेली वीज

नागापूरच्या एमआयडीसीत मनवा आणि अनीश या नवराबायकोचं छोटं वर्कशॉप होतं. मनवा सर्किट बोर्ड बनवायची, अनीश त्यातला प्रोग्राम लिहायचा. देवळाली प्रवराच्या गोजरबाईंनी गावरान अंडी उबवायचं मशीन घेतलं, त्याचा बोर्ड या दोघांनी केलेला. वीज गेली की बोर्डावरच्या बॅटरीवर भोंगा वाजायचा आणि गोजरबाईंनी जनरेटर चालू करायचा, असं ठरलं होतं.

एका सकाळी त्यांचा फोन आला. वीज गेली, पण भोंगा वाजलाच नाही. नेमक्या त्या मशीनपाशीच होत्या म्हणून निभावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मनवाला त्याचंच जास्त वाईट वाटलं. दोघं लगेच निघाले.

तिथे पोचताच अनीशने मेन स्विच बंद केला. भोंगा वाजला. पुन्हा केला, पुन्हा वाजला. गोजरबाई ओशाळल्या. आपल्यालाच ऐकू आलं नसेल, म्हणू लागल्या. मनवाने मात्र विचारलं, वीज गेली तेव्हा त्या काय करत होत्या?

"ट्रे फिरताना बघत हुते. समदी अंडी एकदम कूस बदलत्यात. मला लई आवडतं ते."

मनवा ट्रे फिरायची वाट पाहत थांबली. मोटर सुरू होताच तिने स्विच पाडला. भोंगा गप्प राहिला.

"मावशी, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "ट्रे फिरवताना प्रोसेसर दुसरं काही ऐकत नाही. वीज गेल्याचा सिग्नल तेवढ्यात येतो आणि निघूनही जातो. तो धरून ठेवायला बोर्डावर काहीच नाही."

तसा सिग्नल धरून ठेवणारी चिप तिच्या पहिल्या आराखड्यात होती. प्रोग्रामवर भागेल, म्हणून अनीशने ती काढायला लावली होती. आता त्यानेच सोल्डरिंगची पेटी गाडीतून आणून तिच्यापुढे ठेवली.

"चिप हवी होती," तो म्हणाला. "तू सांगत होतीस."

बोर्ड काढला की मशीन हातानेच चालवावं लागणार होतं. गोजरबाई स्टूल घेऊन बसल्या. नजर थर्मामीटरवर, बोट हीटरच्या बटणावर. जेवायला उठा म्हटलं तरी उठेनात. ओसरीवर मनवाने दोन चिपा जोडल्या. एक आलेला सिग्नल प्रोसेसर दखल घेईपर्यंत धरून ठेवणार, दुसरी दोन सिग्नल एकदम आले तर विजेचा आधी पुढे पाठवणार. अनीशने बॅटरीचा उजेड धरला आणि प्रोग्राममध्येही हवा तो बदल केला.

बोर्ड परत बसवल्यावर मनवाने गोजरबाईंनाच स्विच पाडायला सांगितलं. ट्रे कलू लागले. त्यांनी डोळे मिटून स्विच पाडला. भोंगा असा वाजला, की दारातली शेळी दावं ओढून उभी राहिली. गोजरबाईंनी मनवाच्या तोंडावरून हात फिरवला.

"आता मला झोप लागंल, पोरी."

पिल्लं बाहेर पडू लागल्यावर त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. ट्रेमध्ये नुसती चिवचिव चालली होती. एक अंडं मात्र ताटकळत राहिलं होतं. बऱ्याच वेळाने तेही फुटलं आणि ओलं पिल्लू डोकं हलवत बाहेर आलं.

"ह्याचं नाव अनीश," गोजरबाई म्हणाल्या. "उशिरा का हुईना, आलं बाहेर."

मनवाला हसू आवरेना. अनीशने ते पिल्लू ओंजळीत घेतलं आणि ते सुकेपर्यंत हातातून सोडलं नाही.