ओठांत अडलेले पाहुणे

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. आयुष्यभर इतरांचे बोलणे पुढे पोचवले. स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी रचना साधी आहे. पुढे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा, त्याला चिकटलेले बारीक तारेचे वेटोळे आणि त्याच्याभोवती लोहचुंबक. समोर कोणी बोलले की हवा पडद्यावर आदळते, वेटोळे थरथरते आणि तारेतून वीज वाहू लागते. आवाज आला आणि गेला. शब्द ध्यानात राहतात, पण आवाज माझ्यापाशी उरत नाही. आणि मला ओढ आहे ती आवाजाचीच.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने स्क्रू आवळून विचारले होते, “काय रे, येतंय ना ऐकू?” तिथून मी एका डबिंगच्या स्टुडिओत आलो. परक्या भाषेतले चित्रपट तिथे आपल्या भाषेत बोलू लागत. छोटी खोली, भिंतींवर राखाडी स्पंज, जाड दार आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. त्याला सगळे दादा म्हणत.

या कामाचा एक कडक नियम आहे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले, की आपल्या शब्दातही ओठ मिटायला हवेत. म्हणजे तिथे प, ब, म यांच्यासारखेच अक्षर हवे. त्यातला प मला सर्वांत जास्त जाणवतो. ओठांमागे अडलेली हवा एकदम सुटते आणि थेट माझ्या छातीवर येते. तो धक्का सोसावा म्हणून माझ्यापुढे ताणलेल्या कापडाची एक रिंग लावलेली असे.

तिथे येणाऱ्या एका बाईला सगळे ‘गर्दी’ म्हणत. बाजारातले भांडण, इस्पितळातली कुजबुज, लग्नघरातला गलका, सगळे ती एकटी करायची. “आमची गर्दी आली का?” दादा विचारायचा आणि चहाचा एकच कप मागवायचा. तिच्या आवाजाला किंचित खरखर होती, कोऱ्या कापडासारखी. गलक्यातसुद्धा मी तो ओळखत असे. या बाईने एकदा तरी माझ्यासमोर एकटीने, सावकाश बोलावे, असे मला फार वाटे.

ती वेळ आली. एका चित्रपटाची नायिका पैसे घेऊन पुरुषांना सोबत देणारी होती. तिचा आवाज देणाऱ्या नटीचा घसा बसला आणि आपल्या भाषेतले संवाद लिहिणाऱ्या लेखिकेने गर्दीला पुढे केले. पहिल्याच प्रसंगात नायिका मैत्रिणीशी फोनवर बोलत असते, दारावरची बेल वाजते आणि ती म्हणते, ‘ठेवते,’ आणि पुढे कोण आले ते.

लेखिकेने लिहिले होते, ‘ग्राहक आला.’

दादा काचेपलीकडून म्हणाला, “ग्राहक? तो काय पावती मागणारे?”

“बरं, गिऱ्हाईक.”

“ओठ कुठे मिटतात त्यात? तिचे मिटलेत आणि आपण आ वासून!”

“मग बकरा?”

गर्दी हसली. “बकरा म्हणायचं त्याला, आणि कापायचं कोणाला?”

लेखिकेने पेन गालावर टेकवले, पडद्यावरचे ओठ पुन्हा पाहिले आणि ओरडली, “पाहुणे! ‘ठेवते, पाहुणे आले.’ अगदी असंच म्हणतात म्हणे.” दादाने चित्र मागे नेऊन जुळवून पाहिले. शब्द बेतून शिवल्यासारखा बसला. दोघेही खूश झाले.

गर्दी माझ्यासमोर आली. दिवा लागला. “ठेवते,” ती म्हणाली. मग तिचे ओठ मिटले. मी प ची वाट पाहू लागलो. ते उघडलेच नाहीत.

“पुन्हा घेऊ,” दादा म्हणाला. पुन्हा तेच झाले.

“काय झालं गं? घसा?” लेखिका आत आली.

गर्दी माझ्याकडेच बघत बोलली. “ताई, मी केलंय हे काम. लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही. लेक लहान होती. कोणी यायचं असलं की तिला म्हणायचे, पाहुणे येणारेत, तू शेजारच्या काकूंकडे जा. एकदा माझी सख्खी बहीण यायची होती. मी घर झाडत होते. पोरीनं विचारलं, ‘आई, खरे पाहुणे की तुझे पाहुणे?’”

लेखिकेने पेनला टोपण लावले.

“आता ती दुसऱ्या गावी असते. येत नाही. पण आलीच कधी, तर शेजारणीला मी काय सांगू? पाहुणे आलेत, असंच ना? तिच्या त्या प्रश्नापासून तो शब्द मी बाहेर काढत नाही. तिच्यासाठी ठेवलाय.” तिने कानावरचा हेडफोन उतरवला. “वाक्य चांगलंय तुमचं. दुसरीला बोलवा. मी गर्दीतच बरी.”

दुसरा आवाज शोधायला वेळ नव्हता, आणि तिच्याकडेही अशी दुसरी संधी नव्हती. ती दारापर्यंत पोचली तेव्हा दादाने आत बोलायचे बटण दाबले. “ए गर्दी, थांब. माझा मेव्हणा घरं विकतो. तो कधी गिऱ्हाईक म्हणत नाही. ‘दाजी, पार्टी आली,’ म्हणतो आणि जेवण टाकून पळतो. पार्टीत ओठ मिटतात की!”

ती वळली. “आमच्यातही काहीजणी म्हणायच्या. मेला बाप्या, आणि म्हणे ‘आली’!” ती हसत परत आली आणि एका दमात म्हणाली, “ठेवते, पार्टी आली.” शब्द मोजून बसला. पण मला मात्र तो आधीचा, ओठांत राहिलेला प आठवत राहिला.

त्यानंतर तिला कामे मिळू लागली, नाव मात्र गर्दीच राहिले. मी म्हातारा झालो. वेटोळ्यात करकर आली. माझ्या जागी चकचकीत नवा माईक आला आणि मला कोपऱ्यातल्या स्टँडवर फक्त गलक्यासाठी ठेवले.

एका दुपारी ती माझ्यासमोर बाजाराचा गलका करायला उभी होती. तिचा फोन थरथरला. “हो... हो गं. कितीला पोचतेस?... ये ना. ये.” फोन ठेवून ती काचेकडे पाहत राहिली.

“दादा, आज लवकर सोडाल? घरी...”

ओठ मिटले. मी श्वास नसतानाही श्वास रोखला.

“पाहुणे येणारेत.”

दादाने काचेपलीकडून विचारले, “किती दिवस?”

“दोन म्हणतेय.”

“मग उभी काय राहिलीस? पळ!”

रेकॉर्डिंगचे बटण कोणी दाबलेले नव्हते. तो प माझ्या पडद्यावर आला, वेटोळे हलले, तारेतून वीज गेली आणि संपली. त्याच आठवड्यात माझी वायर गुंडाळून मला कपाटात ठेवले. लेक आली का, दोन दिवस राहिली का, मला कळलेले नाही.

मित्रांनो, जुन्या मायक्रोफोनवर टिचक्या मारू नका, त्यात फुंकर घालू नका. आमचा पडदा फार नाजूक असतो. आणि कधी कोणी ते कपाट उघडून मला जोडलेच, तर ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणू नका. नीट ओठ मिटून एकदा म्हणा, ‘पाहुणे आले.’