आईच्या नावाचा पत्ता

त्या दुपारी मी दुकानात गेले तेव्हा बाबा एका शिलाई मशीनचं पोट उघडून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "या बाईसाहेब. माझ्या बायकोला लावलेला गाडीचा नंबर कधी काढताय?"

दुकानाला आईचं नाव होतं. ती गेल्यावर बाबांनी दुकानाची वेबसाइट करून घेतली आणि त्या वेबसाइटचा पत्ताही हट्टानं आईच्याच नावाचा, आपल्या लिपीत घेतला. पण तो तसा टाइप केला की त्यांचा कॉम्प्युटर सांगायचा, पत्ता सापडत नाही. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळत. त्याच्यासाठी त्या नावाचं दुसरं रूप होतं, गाडीच्या नंबरासारखी अक्षरं आणि आकड्यांची एक अर्थहीन माळ. ती चिठ्ठीवर लिहून बाबांनी पडद्याखाली चिकटवली होती. एका बोटानं, ओठ हलवत टाइप करायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरगी कॉम्प्युटरच्या पोटात काम करते, पण आईला ओळख दाखवत नाही.

तसं ते खोटं नव्हतं. नाव आपल्या लिपीत घ्यायचं, शोधण्यापुरतं आतल्या आत बदलायचं आणि दाखवताना पुन्हा जसंच्या तसं दाखवायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिममधलं काम माझ्याकडेच होतं. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी कुणाची फसवणूक होऊ नये म्हणून तपासण्या वाढत गेल्या आणि काम रखडलं.

त्याच दिवशी सकाळी ते पहिल्यांदा चाललं होतं. आमच्या ऑफिसात रीत आहे: ज्यानं काम केलं, पहिला पत्ता त्यानं टाकायचा. मी आईचं नाव टाकलं. पडद्यावर दुकानाची वेबसाइट उघडली, तिच्यावरच्या फोटोत बाह्या सरसावलेले बाबा. शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, कुणाचं दुकान? मी म्हटलं, ओळखीतलं.

बाबांना मात्र काही सांगितलं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर पोचेल तेव्हा शेजारी उभं राहून त्यांचा चेहरा बघायचा होता मला.

"होईल हो, बाबा. एवढी काय घाई?"

"मला कसली घाई? तीच खोळंबलीय," म्हणाले, आणि स्क्रू आवळला. मग चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडण्याआधी ते दुकानाच्या पायरीवर टेकले, ते उठलेच नाहीत.

माझं काम असलेलं अपडेट पुढच्या महिन्यात आलं. मी शटर वर केलं. उघडं मशीन तसंच होतं, स्क्रू एका झाकणात नीट काढून ठेवलेले. त्यांच्या खुर्चीवर मला बसवेना. उभ्यानंच कॉम्प्युटर लावला, अपडेट होऊ दिलं आणि आईचं नाव टाइप केलं.

उघडलं. वरच्या पट्टीत तिचंच नाव, आपल्या अक्षरांत.

चिठ्ठी काढायला गेले तर अर्धीच निघाली. उरलेली नखानं खरवडता खरवडता थांबले.

"बाबा," मी खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "त्या दिवशी सकाळीच उघडलं होतं. सगळ्यात आधी आईचंच नाव टाकलं होतं मी."