पटरीवरचा मारोती

आमच्या गावची इहीर चैतातच आटली अन् खाप्याहून व्याह्याचा निरोप आला, "तुमच्याकडं पानी नाही, तं लगन आमच्या दारी करू." माहं तं डोस्कंच फिरलं! एकुलती एक पोरगी माही प्रेमिला. तिचा मांडव दुसऱ्याच्या दारी काहून?

"मंग इहीर काय आभाळातून पडन वं, रंभा?" माहे मालक रुपराव बोलले.

"जुनी पटरी पाहू," म्या म्हटलं.

आमच्या शिवारातून पयले मँगनीजच्या खाणीची छोटी रेलगाडी जात होती. खाण बंद पडली, साहेबानं रूळ उपटून नेले, अन् त्याच्यानंतर आमची वस्ती झाली. गाडी आमच्यापैकी कोनीच पाह्यली नाही. पन इंजिन का कोरडं चालते? कुठं तरी पानी पेत असनच ना!

सकाळीच तिघं निघालो. गिट्टीच्या पाळीवर पळस माजला होता. नाल्यावरचा दगडी पूल अजून टणटणीत. प्रेमिला पदर खोचून त्याच्यावर "कूऽऽक" करत धावली, अन् मालक मागून झुकझुक करत! नवरी होनार पोरगी, अन् बाप पाहा! हासून हासून माहं पोट दुखलं.

पन इहीर काही दिसेना. पाळ मारोतीच्या झाडीपाशी आली. मारोती म्हंजे झाडीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला उभा खांब. दर शनवारी मी तेल घालत होती. देवाच्या झाडीत कोनी पाय टाकत नाही, काडी बी तोडत नाही. मले रडूच आलं. "देवा, पोरीचं लगन दारी होऊ दे गा," म्हनून डोकं आपटलं, तं टण्ण! देव पोकळ वाजला.

"अवो, हा तं लोखंडी नळ हाये! इंजिनाले पानी पाजाचा! मंग इहीर झाडीतच असन!"

"आत जाऊ नोको, देव कोपन!"

"माह्यावर कोपू द्या," म्हटलं अन् हात जोडून झाडीत शिरली. पुढं काळा खड्डा. दगड टाकला.

डुबुक!

"माय वं!" प्रेमिलानं बाहेरून किंकाळीच मारली. मालक देवाचं भेव इसरून आत आले अन् तिथंच नाचाले लागले.

लगन आमच्या दारीच झालं. व्याही दोन लोटे पानी गटागटा पेले. मांडवात यायच्या आधी नवरदेव रीतीपरमानं मारोतीच्या पाया पडाले गेला.

"अवं, जावई नळाच्या पाया पडून राहिला," मालक माह्या कानात बोलले.

"पडू द्या. माह्या पोरीचा मांडव त्यानंच राखला."

अन् डोक्यावर पदर घेऊन मी बी पाया पडली.