आईचं घड्याळ कधी चुकत नाही

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ. राहतो शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, पण चालतो नागपूरच्या वेळेनं. मीराताईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातून काढून, टॉवेलात गुंडाळून लेकीच्या बॅगेत घातलं. तेव्हापासून सोनल माझ्याकडे पाहिल्याशिवाय आईला फोन करत नसे.

मग तो मोबाइल आला. मीराताई पहिल्यांदाच एकट्या येणार होत्या. "विमानतळाच्या दाराबाहेर पडल्या पडल्या तू दिसली पाहिजेस गं," एवढंच त्यांचं मागणं होतं. इंग्रजी येत नाही, इथे फोन चालणार नाही, याची त्यांना धास्ती होती. आणि मोबाइल महाशय ऐटीत सांगत होते, दिल्ली ते शिकागो बारा हजार किलोमीटर, साडेपंधरा तास! त्या पहाटे त्याच्या काचेवर इवलंसं विमान सरकत होतं. "आजी इज ओव्हर कॅनडा!" छोटी अबोली नाचत होती. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

आदल्या संध्याकाळी जावई धम्मदीप स्टुलावर चढला होता. नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे करतात. त्याच झपाट्यात त्यानं मलाही मागे केलं. नागपूरला असलं काही नसतं, हे तो साफ विसरला.

सकाळी तो म्हणाला, "सोनल, ॲप म्हणतंय एकच तास राहिलाय."

सोनलनं माझ्याकडे पाहिलं. "छे! नागपूरच्या वेळेनं संध्याकाळी साडेसहाला लँड होणार. तिथे आता साडेचारच वाजलेत. टाइम चेंजमुळे ॲपचा घोळ झालाय. आईचं घड्याळ कधी चुकलंय का?"

मित्रांनो, मी बोलू शकत नाही. पण बंद पडू शकत होतो. काटे थांबले असते, तर तिला शंका आली असती. मी थांबलो नाही. मोबाइल खोटा ठरतोय, या आनंदात टिकटिकत राहिलो.

ते तासभर उशिरा निघाले. मीराताई त्या दाराबाहेर पाऊण तास बॅग घट्ट धरून उभ्या होत्या. घरी आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. सोनल तर त्यांचा हात सोडायलाच तयार नव्हती.

मीराताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग मला. "याला मागे कुणी केलं?"

धम्मदीप ओशाळला. "चुकलं माझं, आई. फेकूनच देतो हे."

"राहू दे रे. त्याचा काय दोष? लावाल तसं चालतं बिचारं." त्यांनी मला खाली उतरवलं, पदरानं पुसलं आणि काटे पुढे केले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण अधूनमधून तपासतही जा. मोबाइलवर अजून माझा राग आहे, खोटं कशाला बोलू? पण मीराताई रोज सकाळी मला पुसायला येतात, तेव्हा त्या सकाळची माझी टिकटिक आठवते आणि वाटतं, त्यांनी मला बिचारं म्हणायला नको होतं.