सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

सुनेचा धंदाच मुळी डोळ्यांत धूळ फेकण्याचा. बिल्डरकडे ती सॅम्पल फ्लॅट सजवायची. म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायचा फ्लॅट असा मांडायचा, की आठ बाय नऊची खोली त्यांना मैदान वाटली पाहिजे. त्यासाठी पलंग पाच फुटांचाच करून घ्यायचा, सोफा अरुंद, कपाट वीतभर खोल आणि समोर भला मोठा आरसा. त्या पलंगावर आडवं होऊन बघा असं कुणी गिऱ्हाइकाला म्हणत नाही, त्यामुळे सगळं निभावून जायचं.

तिच्या लग्नाला चार महिने झाले तेव्हा एका इमारतीचे सगळे फ्लॅट विकले गेले. तिथलं सामान तिने पडत्या भावात उचललं आणि स्वतःच्या घरात मांडलं. नवरा रोज पाय पोटाशी घेऊन झोपायचा आणि सवय झाली म्हणायचा. बिचाऱ्याला लहानपणापासून सवयच लावून घ्यायची सवय होती.

कारण सासरे निवृत्त हेडमास्तर. मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा, "त्या खुराड्यात टिकताय का बघतो," असं म्हणून त्यांनी निरोप दिला होता. आता चार दिवसांच्या सुट्टीत ते सासूबाईंना घेऊन खुराडं तपासायला येणार होते. नापास झालो तर गाशा गुंडाळून परत जायचं, हे नवऱ्याने परीक्षेआधीच मान्य करून टाकलं होतं. सुनेचा मात्र या घरात जीव अडकला होता. इथे चहाचा कप घेऊन खिडकीत पाय वर करून बसलं, तरी कुणी "पाय!" म्हणत नव्हतं.

तिने कंबर कसली. छतापासून जमिनीपर्यंत पांढरे पडदे सोडले, आरसा खिडकीसमोर आणला. ताटंसुद्धा लहान काढली, म्हणजे वाढलेलं भरपूर दिसतं.

सासरे दारातच थबकले. "अरे, हे तर चांगलं ऐसपैस आहे! शाब्बास!"

बापाच्या तोंडून शाब्बास ऐकायला मुलाला तीस वर्षं लागली होती. तो स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आला.

परक्या पलंगावर झोप येत नाही म्हणून रात्री सासऱ्यांनी जमिनीवर सतरंजी टाकली आणि पलंग सासूबाईंना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी निकाल जाहीर केला. "तिकडे आम्ही दोघंच. घर खायला उठतं. इथे एवढी जागा आहे, आम्ही इथेच राहायला येतो."

"खरंच, बाबा?" नवऱ्याचा चेहरा खुलला. सून करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिने पर्समधून टेप काढली आणि खोली मोजून दाखवली.

"बघा ना बाबा, आठ बाय नऊच आहे."

"टेपचं काय घेऊन बसलीस? मला डोळे आहेत!"

गिऱ्हाइकंही अगदी असंच म्हणायची, आणि तेव्हा ती हसून मान डोलवायची. आज तिला रडू आलं.

दोन दिवसांत "मीठ दे"पलीकडे न बोललेल्या सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "येऊ की. पण आपला पलंग आधी येऊ दे. त्याच्याशिवाय तुम्हाला कुठे झोप लागते?"

ते सासऱ्यांना पटलं. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. छोटा पलंग बाहेर काढून सुताराने सात फुटी पलंग खोलीत जोडला. दार लागेना, कपाट उघडेना. खिडकी उघडायची तर पलंगावर चढावं लागे. सासरे दाराच्या फटीतून बराच वेळ बघत राहिले.

"प्रवासात फुगला की काय हा?" ते म्हणाले. हसायची कुणाची छाती झाली नाही. "खोली मोठीच आहे. पलंगच आडमाप. याला आपलंच घर बरं."

पलंग परत, म्हणजे हेडमास्तरही परत. चौथ्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं आणि नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बाबा म्हणाले, खोली मोठीच आहे."

सासूबाई स्वयंपाकघरात सुनेजवळ आल्या. "मला पहिल्याच दुपारी कळलं होतं गं. मी जेमतेम पाच फूट. उभ्या जन्मात माझं डोकं आणि पाय पलंगाच्या दोन्ही टोकांना लागले नव्हते."

सून लाजेने लाल झाली. "मग तुम्ही बोलला का नाहीत, आई?"

"पोराला बाप पहिल्यांदाच चांगलं म्हणत होता. मी कशाला मोडता घालू? आणि हे माणसांचं ऐकत नाहीत. म्हटलं, पलंगालाच सांगू दे."

सुनेने त्यांचा हात घट्ट धरला. खालून सासऱ्यांची हाक आली. सासूबाईंनी पिशवी उचलली आणि दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"तो छोटा पलंग मात्र मोडीत काढू नकोस हं. पुढच्या सुट्टीत मी एकटीच येणार आहे."