ऐंशी लाख ठिपक्यांचा तोरा

मी मॉनिटर बोलतोय. साधासुधा नव्हे, फोर-के! अंगावर ऐंशी लाखांहून जास्त ठिपके. दुकानात शेजारच्या फुल-एचडीकडे माझ्या पाव हिश्शाचे ठिपके, म्हणून मी त्याच्याशी बोलतही नसे. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं दुसऱ्या मजल्यावर निघालं.

मला निवडलं एका सूनबाईंनी. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो ना, तो छापण्याआधी तपासणं हे त्यांचं काम. जुन्या धुरकट पडद्यावर एकदा एक दशांशचिन्ह नजरेतून निसटलं आणि अर्ध्या गोळीच्या पाच गोळ्या झाल्या! छापखान्यात कुणीतरी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून बाई प्रत्येक ओळ तीनतीनदा वाचत.

सोबत सासरे होते. जन्मभर बस चालवलेले. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते संगणकावरच्या खेळात बस चालवत.

"यावर माझी गाडी पळेल ना?" त्यांनी विचारलं.

"पळेल काय, उडेल!" विक्रेता म्हणाला. घरचा संगणक किती म्हातारा आहे, हे त्याने विचारलंच नाही.

घरी सूनबाई हरखल्या. "बाबा, स्वल्पविरामाची शेपटीसुद्धा दिसतेय!" मी फुगलो.

दुपारी सासरे बसले. माझे एवढे ठिपके रंगवताना संगणकाला धाप लागली. बस आचके देत निघाली. सासऱ्यांनी ब्रेक दाबला तो चौकात. बस थांबली ती कारंज्यात.

"मला कंटाळाच आलाय या खेळाचा," ते म्हणाले. चक्क थाप! दुसऱ्या दिवशी ते पेपर वाचत होते, पण टेबलाखाली पाय ब्रेक दाबत होता. सूनबाईंनी तो पाय पाहिला आणि माझं खोकं काढलं.

"परत देते. उद्यापर्यंत घेतात ते."

"खबरदार! आणि पाच गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या तर?"

"मी डोळे फोडून वाचेन, पण तुम्ही असे बसू नका."

दोघंही हट्टी. मी अर्धा खोक्यात, अर्धा बाहेर. जीव टांगणीला.

मग सूनबाईच थबकल्या. "थांबा बाबा. पडदा बदलण्याआधी खेळातला ठिपक्यांचा आकडा बदलून बघू."

त्यांनी खेळापुरतं रेझोल्यूशन उतरवलं. किती? फुल-एचडी! माझे चार-चार ठिपके एकाच रंगाचा सदरा घालून एकेका ठिपक्याचं काम करू लागले. केवढा अपमान! पण बस लोण्यासारखी सुटली. सासऱ्यांनी एवढा लांब हॉर्न दिला की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

"झाडं जरा ओबडधोबड दिसतायत हो," सूनबाई म्हणाल्या.

"झाडं बघायला गाडी चालवतो होय मी?"

आता सकाळी मी पूर्ण फोर-के, दुपारी पाव. तुम्ही मॉनिटर घ्यायला गेलात, तर आमच्या आकड्याला भुलू नका. तो ओढणारा संगणक आधी बघा, आणि त्यासमोर कोण बसणार तेही.

तोरा? तो उतरला. वळणावर सासरे अंगासकट झुकतात, तेव्हा मीही किंचित झुकतो. सूनबाईंना वाटतं, स्टँड ढिला झालाय.

बाई, एवढं ऐका. तो घट्ट करू नका.