एक काना

"बाई, माझ्या पोरीचा पोरगा कुणी केला?"

चित्रकार मुलगी छापखान्यात शिरली तीच मुळी भांडायच्या तयारीत. वय तेवीस-चोवीस, खांद्याला पिशवी, हातात पुस्तकाची छापण्यापूर्वीची शेवटची प्रत. ती तिनं टेबलावर अशी आपटली की बाईंच्या चष्म्याचं घर खाली पडलं.

बाई म्हणजे प्रूफं तपासणाऱ्या बाई. पाठीमागे सगळे त्यांना काना-मात्राबाई म्हणत. एकतीस वर्षं त्या खिडकीशी लाल पेन घेऊन बसत होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा थोरल्या मालकांचा नियम धाकट्यांनीही मोडला नव्हता. चूक काढली म्हणून भांडणारे लेखक बाईंनी पुष्कळ पाहिले होते. चूक केली म्हणून भांडायला आलेलं हे पहिलंच माणूस.

"कुठली पोरगी?"

"सायकलवाली! 'मी आले' लिहिलं होतं मी. तुम्ही 'मी आलो' केलंत. 'थांबते'चं 'थांबतो'. एकेचाळीस ठिकाणी!"

"अगं, तो नावाडी आहे. नावाडी 'आले' कसा म्हणेल?"

"माझ्या पुस्तकात नावाडी नाहीये, बाई. दोघीही मुलीच आहेत."

बाईंचा चेहरा उतरला. नाटक जुनं, पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवलेलं. नदीच्या अलीकडे जकातदाराची मुलगी, पलीकडे नावाडी. या मुलीनं ते आजच्या हायस्कूलमध्ये आणून चित्रांतून सांगितलं होतं. तपासायला मात्र बाईंकडे चित्रांविना नुसता संवादांचा मजकूर आला होता. नाटक त्यांना तोंडपाठ. टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं असं समजून त्यांनी प्रत्येक ठिकाणी एक काना वाढवला होता. पाठांतराचा तोरा, दुसरं काय!

आवाज ऐकून मालक बाहेर आले. सगळं ऐकल्यावर त्यांना उलट हायसंच वाटलं.

"बरंच झालं की! सायकलवालीचे केस बारीक कापलेलेच आहेत, मुलगा म्हणून खपून जाईल. शाळांच्या लायब्रऱ्यांत जायचंय पुस्तक, उगाच कुणी बोट ठेवायला नको. तीनला प्लेटा मशीनवर चढतायत. बाई, सही करून मोकळ्या व्हा."

"खपून जाईल?" मुलीचा आवाज चिरकला. "शाळेत मीही अशीच खपून गेले होते. म्हणून तर काढलंय हे पुस्तक."

सहीचं पेन उघडून बाईंनी परत मिटलं. "आधी मला चित्रं बघू द्या."

दीड वाजला होता. बाई वाचायला बसल्या, पण बसवेना. चार पानं झाली की उठायचं, पंखा कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. चष्मा पुसून झाला, पाणी पिऊन झालं. पायांत चपला सरकवून त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि आल्या पावली परतल्या. चित्रांतल्या त्या दोघी प्रयोगशाळेच्या दाराशी, सायकलींच्या रांगेत, पायऱ्यांवर भेटत होत्या, आणि सायकलवाली तोंड उघडायची ते मुलगा होऊन.

बाईंच्या शाळेत सगळ्या मुलीच. उंची जास्त म्हणून नावाडी त्यांच्या वाट्याला आला होता. जकातदाराची मुलगी झाली होती घारी. नाव वेगळं होतं, पण त्या डोळ्यांमुळे सगळ्या तिला घारीच म्हणत. सहा आठवडे तालमी चालल्या. त्या सहा आठवड्यांत बाई जितक्या सुखात होत्या, तितक्या पुढच्या बेचाळीस वर्षांत कधी नव्हत्या. शेवटच्या प्रयोगाला, रंगमंचावरच्या लाकडी दाराच्या मागून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात घारी म्हणाली होती, "आज पाठ केलेलं नको. तुझं तू म्हण."

काय म्हणायचं ते बाईंना पक्कं कळलं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांनी छाती पुढे काढली आणि घोगऱ्या आवाजात ठोकून दिलं, "मी आलो. दार उघड." टाळ्या पडल्या. घारीनं दार उघडलं, पण मान वर केली नाही. परीक्षेनंतर तिच्या वडिलांची बदली झाली. तिचं एक पत्र आलं, त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. मग लग्नही राहून गेलं, आणि दादा-वहिनींनी विचारणंच सोडून दिलं.

शेवटचं पान उलटलं. सायकल आडवी पडलेली, बंद दारावर मुलीचा तळवा, आणि वर बाईंचा काना घेऊन तेच वाक्य. बाईंना स्वतःचा भयंकर राग आला. त्या वेळी निदान स्वतःपुरतं होतं. आता दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडूनही आपण तेच वदवलं!

त्या तडक उठल्या आणि फळीवरून जुनी प्रूफं काढून बसल्या. चुकून दुरुस्ती केली असेल तर मूळ शब्दाखाली टिंबं द्यायची, म्हणजे 'आहे तसं राहू दे'. एकेचाळीस ठिकाणी त्यांनी टिंबं दिली आणि कागद कॉम्प्युटरवाल्याच्या पुढ्यात ठेवले.

"बाई, सही?" मालक घड्याळ दाखवत आले.

"नव्या प्रतीवर करीन. तीनच्या ऐवजी पाच वाजतील."

"अहो, उद्या कुणी जाब विचारला म्हणजे?"

"माझ्याकडे पाठवा. प्रूफाला जबाबदार मी."

"तुम्हाला काय एवढं पडलंय त्या पोरींचं?"

बाईंनी चष्मा काढला. "एका पोरीचं वाक्य चुकलंय माझ्या हातून. ते दुरुस्त केल्याशिवाय सही नाही." मालक काहीतरी पुटपुटत आत गेले, पण प्लेटा मात्र त्यांनी थांबवल्या.

साडेचारला नवी प्रत हातात आली. आता मेळ घालायचा, म्हणजे एकीनं नव्या प्रतीतून मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं जुन्या प्रूफात बघायचं. जुनी प्रूफं चित्रकार मुलीपुढे होती आणि बाई वाचत होत्या, नेहमीच्या सपाट आवाजात, विरामचिन्हांसकट. "मी थांबते, पूर्णविराम. मी येते, स्वल्पविराम, तू जा, पूर्णविराम." चाळीस ठिकाणं अशी बिनचूक झाली.

शेवटच्या पानावर त्या अडल्या. मुलीनं मान वर करून पाहिलं.

"मी आले," बाई म्हणाल्या. आवाज सपाट नव्हता. "दार उघड."

पूर्णविराम म्हणायचे राहिले. बाईंनी सही केली, तारीख घातली आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मुलगी जुनी प्रूफं गोळा करू लागली. शेवटच्या पानावरची टिंबं इतकी दाबून दिलेली होती की कागदाच्या मागच्या बाजूनं ती तिच्या बोटांना लागत होती.